मागच्या सीटवरचा आवाज

माझी आई बसली की गप्प होते. खुर्चीवर, सोफ्यावर, ताटावर, कुठेही बसली की तोंडाला कुलूप. काही विचारलं तर हं, नाहीतर अंहं. तिला बोलतं करायचं तर एकच उपाय. तिला स्कूटीवर मागे बसवायचं आणि गाडी हलवायची. सोसायटीच्या गेटाबाहेर पडलं की माझ्या हेल्मेटवर तिच्या बोटांची टकटक होते, आणि ती झाली की समजायचं, आता खडकी येईपर्यंत खंड नाही. माझा नवरा म्हणतो, "अगं, पण गाडीवरही त्या बसलेल्याच असतात की." तर्कशुद्ध माणसांचा मला कधीकधी फार राग येतो.

खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आईने तिथलं क्वार्टर सोडलं आणि ती कोथरूडला आमच्याकडे राहायला आली. पण रविवार खडकीचाच राहिला. विहारात जायचं, तिथून तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणीकडे, जिला मी मावशी म्हणते, चहा घ्यायचा आणि परत यायचं. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. त्या रस्त्यावर मला माझी आई जेवढी कळली तेवढी एका घरात राहून कधी कळली नव्हती. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव ओढ्यात सोडले आणि आजी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, हे मला लॉ कॉलेज रोडवर कळलं. बाबा गेल्यावर तिला अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी नोकरी लागली. पहिल्या दिवशी गेटावर सांगितलं, आत धातूचं काही चालत नाही, अंगावरचं सगळं काढून ठेवा. "म्हटलं, आता काढायला उरलंय काय. केसातल्या दोन पिना होत्या, त्या दिल्या काढून." हे तिने विद्यापीठ चौकात सांगितलं, मेट्रोच्या खोदकामाशेजारी, आणि लगेच पुढे म्हणाली, "त्या टेम्पोच्या मागे नको राहूस, धूर सोडतोय."

हे सगळं वाऱ्यावर चाललंय, असं एके दिवशी माझ्या डोक्यात आलं. आणि माझ्या डोक्यात एकदा काही आलं की माझं काही खरं नसतं. झोप नीट लागत नाही, चहा गार होतो, समोरचा माणूस बोलत असताना मी मनातल्या मनात दुसरीकडेच पोचलेली असते. तरी या वेळच्या बेचैनीला कारण होतं. एक आवाज मी आधीच घालवलेला होता.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. चेहरा फोटोत आहे, आवाज आठवत नाही. पण तो होता. पत्र्याच्या पेटीत एक कॅसेट होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मला एका सॉफ्टवेअर कंपनीचा इंटरव्ह्यू आला. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला तेच वेड लागलं होतं. हिंजवडीला शेतात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आम्हा क्वार्टरमधल्या पोरापोरींना कसंही करून त्यांत शिरायचं होतं. मराठी शाळेतलं माझं इंग्रजी कागदावर बरं होतं, पण तोंडातून निघताना बोंब. आमच्या मॅडम म्हणाल्या, स्वतःला टेप करा आणि ऐका. मी आईकडे कॅसेट मागितली. तिने पेटीतून काढून दिली. मी दोन दिवस त्या कॅसेटवर "मायसेल्फ" आणि "आय अ‍ॅम अ क्विक लर्नर" घोकत बसले. नोकरी लागली. सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायची. तीच मी अजून करते.

पुढे कित्येक वर्षांनी क्वार्टर रिकामं करताना ती कॅसेट पुन्हा हाताला लागली. तेव्हा खालचं न वाचताच मी चिकटवलेला कागद निघाला होता. खाली दुसरा कागद होता आणि त्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, "घरी, रविवार". टेपरेकॉर्डर भंगारात द्यायला काढला होता, त्याआधी मी त्यात ती लावली. माझं इंग्रजी ऐकताना लाज वाटत होती. ते संपलं आणि थोडीशी जुनी पट्टी उरली होती. कुकरची शिट्टी. लहान मूल रडायला लागतं. एक पुरुष म्हणतो, "अरे." आणि खटकन बंद. बाबांचा माझ्याकडे असलेला आवाज तेवढाच. तोही माझं पुसायचं राहून गेलं म्हणून. हे मी कुणालाच सांगितलं नाही, आईला तर नाहीच. तिला याचा पत्ता नाही असं मी धरून चालले होते. आता दुसराही आवाज आपल्या हातून जायचा, या भीतीने मला धड बसू दिलं नाही. एवढीच माझ्या पॉडकास्टची खरी हकिकत.

ऑफिसात मी अर्थात असं सांगितलं नाही. तिथे तेव्हा पॉडकास्टची साथच आली होती, दर दोन टेबलांमागे एकजण काढत होता किंवा काढणार होता. मीही म्हटलं, माणसं प्रवासात काय बोलतात, त्यावर काढतेय. सगळे म्हणाले, वा, छान कल्पना. एकाने विचारलं, मग इक्विपमेंट काय घेतेयस. झालं. त्या प्रश्नाने मला चार महिने खाल्लं.

आधी मी घरच्या घरी फोनवर करून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ कापड घातलं, मध्ये फोन उभा केला, पंखा बंद केला, नवऱ्याला बाहेर पिटाळलं आणि आईला म्हटलं, "हं, सांग."

"काय सांगू?"

"ते पहिल्या दिवसाचं. पिनांचं."

"दिल्या काढून," आई म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून फोनकडे बघत राहिली. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. त्यात खालच्या मजल्यावरच्या मिक्सरचा आवाज उत्तम आला होता.

पुढच्या रविवारी फोन जॅकेटच्या खिशात घातला. घरी येऊन ऐकलं तर दीड तास नुसता घोंघावणारा वारा, मधूनच पीएमटी बसचा हॉर्न, आणि एकदा लांबून, अगदी लांबून, "वळ, वळ."

मग मी अभ्यासाला लागले. एक्सेलमध्ये शीट केली. अकरा यंत्रं, नऊ रकाने. वजन, सेल किती तास टिकतात, कोणते लागतात, बाहेरचा माइक जोडता येतो का, वारा कितपत अडवतो, हातमोजे घालून बटण दाबता येतं का. परीक्षणं वाचायची, व्हिडिओ बघायचे, दर सोमवारी शीटचा निकाल बदलायचा. दोन यंत्रं मागवून परत पाठवली. एकाचा आवाज सुरेख होता पण ते विटेएवढं जड. दुसरं हलकं होतं पण रिकाम्या खोलीत लावलं तरी आत सारखं फस्स वाजायचं. नवरा म्हणाला, "तू लग्नाला होकार द्यायला एवढा वेळ घेतला नव्हतास." मी म्हटलं, "तेव्हा शीट केली असती तर बरं झालं असतं." तो दोन दिवस फुगून बसला.

या सगळ्यात आईचा गुडघा दुखत होता आणि माझं लक्ष नव्हतं. गाडीवर चढताना ती माझ्या खांद्याला जोराने धरायला लागली होती. मी एकदा चिडून म्हटलंही, "अगं, बोटं रुततात." मग एकदा तिला उतरताच येईना. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो पाहिला, दोन्ही गुडघे बदलायचे म्हणाले आणि तारीख दिली. नंतर वर बघून म्हणाले, "आणि ऑपरेशननंतर टू-व्हीलर विसरायची हं, आजी." आईने मान हलवली. मी मनात त्या तारखेपर्यंतचे रविवार मोजले. चार होते.

चार रविवार आणि माझ्याकडे यंत्र नाही, शीट आहे. मी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि बुधवार पेठेत माइक आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या गल्लीत गेले. मला सांगितलेलं दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं होतं. मालक चष्म्याच्या वरून बघत होते. मी शीटची छापील प्रत पुढे केली. त्यांनी ती सावकाश वाचली, उलटी करून मागची बाजूही पाहिली.

"अभ्यास झालाय की सगळा. मग आमच्याकडे काय, सही घ्यायला आलात?"

"तसं नाही. तुम्ही सुचवा."

"आवाज कुणाचा धरायचाय?"

"आईचा."

"कुठे?"

"स्कूटीवर."

त्यांनी कागदाची घडी केली आणि मला परत दिली. "रिक्षात बसवा त्यांना."

"रिक्षात ती बोलत नाही. करून पाहिलंय."

"का बोलत नाहीत?"

"माहीत नाही."

"विचारलंत?"

नव्हतं विचारलं. अकरा यंत्रांची कुंडली मी मांडली होती, पण आईला हा साधा प्रश्न घातला नव्हता. त्यांनी मागच्या फळीवरून तळहातात मावेल असं एक काळं यंत्र काढलं आणि त्याच्यावर एक करडी केसाळ टोपी चढवली. म्हणाले, "वाऱ्याला यंत्र भारी आहे की हलकं ते कळत नाही. तो माइकपर्यंत पोचू द्यायचा नाही, बस्स. कपड्याच्या आत ठेवा, पण कापड घासू देऊ नका. आणि घरी जाऊन आधी बटणं शिका." शेवटचं वाक्य मी ऐकून सोडून दिलं. वीस वर्षं टेस्टिंगमध्ये काढलेल्या बाईला बटणं शिकवतायत.

पहिल्या रविवारी मी आणखी शहाणपणा करून त्याला कॉलर माइक जोडला आणि तो आईच्या पदराला लावला. वादळ आलं. दुसऱ्या रविवारी तोच माइक स्कार्फच्या आत घेतला. पुण्याच्या मुली बांधतात तसा डोळे सोडून सगळं तोंड झाकणारा स्कार्फ आईलाही मीच शिकवला होता. वादळ गेलं, पण कापड घासून असा आवाज आला की आईला कुणीतरी पोत्यात घालून नेतंय. माझं डोकं फिरलं. मी रस्त्यातच गाडी बाजूला घेऊन माइक काढून डिकीत फेकला. आई म्हणाली, "माझं बोलणं ऐकायचंय कुणाला एवढं?"

"मला."

"तू तर ऐकतेसच."

मी तिला काय सांगणार. नुसतं ऐकलेलं राहत नाही, माझ्याकडे बाबांचं काही राहिलेलं नाही, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते.

तिसऱ्या रविवारी जमलं. दुकानदारांनी सांगितलं तसंच केलं. यंत्राला केसाळ टोपी घातली, एका छोट्या सुती पिशवीत ठेवलं, पिशवी आईच्या गळ्यात अडकवली आणि वरून स्कार्फ सैल बांधला. आईने पिशवी चाचपून पाहिली. "हा उंदीर किती दिवस पाळायचा?" घरी येऊन ऐकलं आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. आईचा आवाज जवळून, उबदार, जसा माझ्या कानाशी येतो तसा आला होता. मागे गाड्या होत्या, हॉर्न होते, पण ते रस्त्यावर असावेत तेवढेच होते. त्या दिवशी ती नेमकं फक्त कात्रजच्या डेअरीचं दूध आणि शेजारणीच्या सुनेबद्दल बोलली होती. चालेल, मी म्हटलं. अजून एक रविवार आहे.

तो शेवटचा रविवार मी मनात कितीतरी वेळा घोळवला होता. निघताना आईने नेहमीप्रमाणे विचारलं, "गॅस?" मी म्हटलं, "बंद केला." मग ती स्वतः जाऊन बघून आली आणि म्हणाली, "बघितलं." हा आमच्या घरचा रिवाज. एकीने करायचं, दुसरीने बघायचं, आणि तिने "बघितलं" म्हटल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. लग्नानंतर नवऱ्याने विचारलं तेव्हा कळलं की नसतं. उंदीरही आम्ही असाच सुरू केला. मी बटण दाबलं, तिने दिवा बघितला, म्हणाली, "बघितलं."

मावशींकडे पोचलो. जयभीम झाला, चहा झाला. आई नेहमीसारखी गप्प बसली होती आणि मावशी एकट्या बोलत होत्या. मला दुकानदारांचा प्रश्न आठवला. मी विचारलं, "मावशी, आई बसली की बोलत का नाही हो?"

मावशी हसल्या. "अगं, भरायच्या टेबलावर बोलायचं नाही, हा नियमच होता आमचा. समोर दारू. हात चालू तर तोंड बंद. एकीने भरायचं, दुसरीने बघायचं, ती 'बघितलं' म्हणाली की पुढचं. दिवसभरात तेवढा एकच शब्द. तीस वर्षं. आमचं बोलणं सगळं रस्त्यावर व्हायचं, क्वार्टर ते गेट आणि गेट ते क्वार्टर. तुझी आई नवी आली तेव्हा महिनाभर रस्त्यातही बोलली नाही. मग एकदा सुरू झाली ती झालीच." आई कपाकडे बघत होती. तिच्या ओठांवर थोडंसं हसू होतं.

आणि मी त्या बाईला टेबलाशी बसवलं होतं. स्वच्छ कापड घालून, समोर यंत्र ठेवून, आता बोल म्हणत होते. मला इतकी शरम वाटली की मी उगाचच उठून कप विसळायला गेले.

परत निघताना माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मावशी पायऱ्यांवर उभ्या होत्या, मागे कुणाची तरी गाडी अडली होती, तो हॉर्न देत होता. मी आईच्या पिशवीत हात घालून बटण दाबलं. लाल दिवा दिसला. आई म्हणाली, "बघू?"

"अगं, लागलाय दिवा. बस लवकर, तो माणूस मागे बोंबलतोय."

ती बसली. रेंजहिल्स मागे पडलं आणि टकटक झाली.

"ती कॅसेट ठेवलीस ना तू?"

"कुठली?" मी म्हटलं.

"तुझ्या इंग्रजीची. ह्यांची."

पुढचा सिग्नल लाल होता म्हणून बरं. मी पाय टेकले. मान वळवून तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"तुला माहीत होतं?"

"मीच दिली ना काढून. मला नसेल का माहीत?"

"मग का दिलीस?"

"घरात दुसरी होती ती विहाराची. आपली म्हणावी अशी ती एकच. तुझा इंटरव्ह्यू परवावर आला होता. मला ते सगळं पाठ होतं. तुझं इंग्रजी पाठ नव्हतं."

सिग्नल सुटला. मागून तीन-चार हॉर्न एकदम वाजले. "हल आता," आई म्हणाली. मी हलले. आई पुढे बोलत राहिली, विद्यापीठ चौकातून, सेनापती बापट रोडवरून, सारखी बोलत होती, आवाज एका लयीत येत होता, आणि मी ऐकलंच नाही. माझ्या कानात नुसतं रक्त वाजत होतं. म्हटलं, असू दे, उंदीर ऐकतोय. घरी जाऊन शांतपणे ऐकू.

घरी आल्यावर मी हात न धुता यंत्र काढलं. लाल दिवा लुकलुकत होता. या यंत्राचं बटण एकदा दाबलं की ते नुसतं तयार होतं, दिवा लुकलुकतो, आकडे हलतात. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि मग खरं रेकॉर्डिंग सुरू होतं. मला हे माहीत होतं. जातानाचा पाऊण तास छान आला होता, त्यात मेथीची जुडी किती बारकी झालीय यावर बरंच काही होतं. येतानाचं काहीच नव्हतं.

मी यंत्र सोफ्यावर आपटलं. स्वतःला, त्या हॉर्नवाल्याला, दुकानदारांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. नवरा हळूच गॅलरीत गेला. आई स्कार्फची घडी करत होती. म्हणाली, "मी बघू का म्हटलं होतं."

"आई, पुन्हा सांग ना. आत्ता. प्लीज."

"सांगितलं की," ती म्हणाली आणि सोफ्यावर बसली. संपलं. मी तिच्या पायाशी बसले, विनवण्या केल्या, शेवटी ओरडले. ती माझ्याकडे बघत होती, तिला सांगायचंही असावं, पण ओठ हलेनात. मावशींनी सांगितलं नसतं तर मी तिला हट्टी म्हटलं असतं.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. तिला आत नेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर एक मिनिट बसू शकले नाही. बोळातून येरझाऱ्या घालत होते आणि माझ्या मनात गुडघे नव्हतेच. ती शुद्धीवर आली नाही तर? बाबांचं सगळं तिच्याजवळ आहे, तिने ते मला गाडीवर एकदा दिलं होतं, आणि मी हेल्मेटमध्ये गप्प बसून होते. स्वतःचा एवढा तिरस्कार मला कधी आला नव्हता.

ती शुद्धीवर आली. पण आठ-दहा दिवस आडवी, आणि आडवी म्हणजे आणखीच गप्प. घरी आणल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडम यायला लागल्या. त्यांनी वॉकर दिला आणि सांगितलं, आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये रोज दहा फेऱ्या. पहिले दोन दिवस आई दात आवळून चालली. मी बाजूने हात पुढे धरून.

तिसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टपाशी वळताना ती थांबली आणि तिने वॉकरच्या नळीवर बोटांनी वाजवलं. टकटक.

"उंदीर कुठाय?"

मी धावत आत गेले. पिशवी आणली, वॉकरच्या दांडीला बांधली. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आई वॉकर धरून पुढे वाकली, पिशवीत डोकावली आणि बराच वेळ दिव्याकडे बघत राहिली.

"बघितलं," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

एक पाऊल, वॉकर पुढे, दुसरं पाऊल. "हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन," आई म्हणाली. तिचा आवाज वेगळा झाला होता, जरा खालचा, जरा मिश्कील. "आज रविवार. सुट्टी आहे. डाळ लावलीय. बाळ झोपलंय म्हणून मी हळू बोलतोय. काय बोलावं सुचत नाही. तू बोल की काहीतरी. बोल ना. नाही बोलत ही. तोंडाला पदर लावून हसतीय. बरं. शिट्टी झाली, ऐकलीत का? ही पहिली." ती वळली. तिच्या कपाळावर घाम होता. "बाळाचं नाक माझ्यासारखं आहे असं माझी आई म्हणते. मला नाही वाटत. मोठं झाल्यावर ऐकेल तेव्हा ठरवेल. ही दुसरी."

कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं तिला ठाऊक होतं. मी बाजूने चालत होते आणि या वेळी एक शब्द सोडला नाही.

"मग तिसरी शिट्टी झाली," आई स्वतःच्या आवाजात म्हणाली. "तू उठलीस, रडायला लागलीस. हे म्हणाले, अरे. आणि बंद केलं."

हे मला माहीत होतं. एवढंच तर माझ्याकडे होतं. मला रडू आवरत नव्हतं, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये जाऊ नये म्हणून माझा हात बटणाकडे गेला.

"थांब," आई म्हणाली. "बंद करून म्हणाले, अरे, उठलं का माझं माणूस. आणि तुला उचलून घेतलं. ते कॅसेटात नाही आलं."

मी हात मागे घेतला. तिच्या अजून चार फेऱ्या राहिल्या होत्या.